नुहाला जवळ घेऊ नकोस

हातिम,

नुहा खाली तुझ्या आईजवळ आहे. त्यांना सांग, तिला पुन्हा ताईतवाल्याकडे नेऊ नका. तिला कुणाची नजर लागलेली नाही, ती स्वमग्न आहे. भाकरी तिच्यासमोर मोडू नकोस, अख्खीच दे. शेजारी लग्नाचे ढोल सुरू झाले की तिच्या कानांवर हेडफोन घाल. रडली तर जवळ घेऊ नकोस, नुसता बाजूला बस.

आज सकाळी मी तिच्या गालावर मारलं. ती रडली नाही, पण दुपारपर्यंत त्याच गालावर स्वतःच मारत राहिली. आठ वर्षांत तू तिला एकदाही एकट्याने सांभाळलं नाहीस, तरी आज माझ्यापेक्षा तूच बरा.

मी महदियाला बहिणीकडे जातेय. कधी येईन, मलाच माहीत नाही. नुहा मला हाक मारणार नाही, दाराशी बसून राहील. तिला तिथून उठवू नकोस.

समिहा