सत्तावीस नंबरचं अक्षर

सोमवार, ३ तारीख
आले एकदाची! दगडी कमान, मागे चर्च, अंगणात घासून घासून पांढऱ्या पडलेल्या फरशा. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून थेट फाटक दिसतं. पलंग, टेबल, शाईची दौत, आणखी काय हवं? निघताना दादा चिडवत होता, की अक्षर सोडलं तर तुझ्यात घेण्यासारखं काही नाही, तिथे तरी त्याचं चीज कर. करते की! बालगृहातल्या मुलींना लिहायला शिकवायचं, राहणं-जेवण इथेच. मोठ्या सिस्टर, म्हणजे इथल्या मुख्य, मोजकंच बोलतात, पण चहात साखर सढळ हाताने घालतात. आपलं जमेल.

गुरुवार, ६
इथे मुलींना नावाने हाक मारायची नाही, नंबराने. माझी जीभ वळेना. सकाळी प्रार्थना, मग दोन तास वर्ग, मग दिवेलागणीपर्यंत धुलाईघर. गावातल्या हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी येतात. ह्याला उद्योगशाळा म्हणतात. पाण्यात राहून पोरींची बोटं इतकी सोललेली, की त्यांना पेन धरवत नाही. मी वर्गात एक विनोद केला, कोणी हसलं नाही. माझे विनोद पडतात हे मला ठाऊक आहे, पण इतक्या गप्प मुली मी जन्मात पाहिल्या नव्हत्या.

शनिवार, ८
आज पत्रांचा दिवस. परिस्थितीपायी आयांनी मुली इथे ठेवल्या आहेत. भेटायला यायची मनाई, म्हणून महिन्याला एक पत्र घरी जातं. मजकूर मी फळ्यावर लिहायचा, मुलींनी उतरवायचा: मी बरी आहे, जेवण चांगलं आहे. खाली नाव नाही, नंबरच. अकरा मुली आजारखोलीत आहेत. साथीचा आजार, तिकडे फिरकायचं नाही. त्यांची पत्रं त्यांच्याच अक्षरात मी लिहावीत, असं मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि जुन्या वह्या दिल्या. आयांच्या जिवाला उगाच घोर नको. मला पटलं, खरं सांगायचं तर मला हुरूपच आला. सत्तावीस नंबरचं अक्षर फार गोड, उकाराला लांब शेपटी. दोन ओळींत माझा हात बसला. मग मला राहवेना, तिच्या पत्रात एक ओळ पदरची घातली: आई, मला भेटायला ये. आजारी पोरीला आई नको का?

शुक्रवार, १४
सत्तावीसच्या आईचं उत्तर आलं. पाकिटावर नंबर, आत नुसतं ‘बाळ’. रविवारी येते म्हणाली, मनाई गेली खड्ड्यात. लाल स्वेटर विणलाय, पण दोन वर्षांत पोर किती वाढली कोण जाणे, बाही अंदाजानेच धरलीय. मी पत्र घेऊन धावतच आजारखोलीकडे गेले. किल्ली दारालाच होती. आत अकरा खाटा. अकरा गाद्या गुंडाळून ठेवलेल्या. वर बोटभर धूळ.

धुलाईघरातल्या धोबीणमावशींना गाठलं. आधी त्यांनी ऐकूच न आल्याचं सोंग केलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, की पोरी, सत्तावीस दोन हिवाळ्यांमागेच गेली, अंगात ताप असताना चादरी पिळत होती. बाकीच्याही अशाच, एकामागून एक. मागच्या भिंतीलगत पुरल्यात, वर साधा दगडही नाही. तेव्हापासून त्यांची पत्रं तुझ्या आधीच्या बाई लिहायच्या. त्या गेल्या तेव्हा त्यांना स्वतःची सही जमेना म्हणे. अंगठा उठवून गेल्या.

त्या आईला मी बोलावलं आहे. मी.

शनिवार, १५
मोठ्या सिस्टरांना सांगितलं, उद्या मी त्या आईला सगळं खरं सांगणार. त्यांचा आवाज जराही चढला नाही. मुलगी एका चांगल्या घरी दत्तक गेली असं त्या सांगणार आहेत. आणि पत्र कोणाच्या हातचं आहे ह्याचा मी विचार करावा म्हणाल्या. रागाने मला रडूच फुटलं.

दुपारी दादाला पत्र लिहायला बसले. अक्षर माझं नाही. उकाराला शेपटी. फाडलं, पुन्हा लिहिलं — तेच. मागची पानं उलटून पाहिली. ती माझी आहेत. हे पान नाही.

रविवार, १६
दाराला बाहेरून कडी. हाका मारमारून घसा बसला.

फाटकाशी एक बाई. काखेत पुडकं. दरवान आत सोडत नाही. मी खिडकीतून ओरडते आहे, पण चर्चची घंटा —

चिठ्ठी लिहिली. तुमची मुलगी दोन वर्षांपूर्वी वारली, ह्यांचं काही ऐकू नका. सत्तावीसचं अक्षर. डाव्या हाताने लिहिली. सत्तावीसचंच. हे पाहून ती कसा विश्वास — पण दुसरा उपाय नाही —

टाकली.

तिने उचलली. वाचते आहे. नाही, वाचत नाही. नुसतं अक्षर बघते आहे. कागद गालाला लावला. हसते आहे. देवा, हसू नको गं, वाच —

दरवानाला ढकलून आत पळाली. जिन्यावर पावलं. तोंडाने सांगीन. तोंड तरी माझं आहे —

दाराशी आली. हाक मारते आहे. नंबराने नाही, नावाने. हे नाव मी कधी ऐकलेलं नाही. आणि मी ओ दे —