हनुवटीवरचं बोट

॥ श्री ॥
घाटकोपर, १२ मार्च १९५६

ती. सौ. सासूबाईंना शुभाचा शि. सा. न. वि. वि.

काल हे मला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते म्हणाले, मान चांगली आहे, पण मेंदूच मानेच्या स्नायूंना भलता हुकूम देतो. मग ते आपसूक आखडतात आणि मान डावीकडे वळते. हनुवटीला बोट टेकवलं की ती घटकाभर सरळ होते, हे मी भीत भीतच सांगितलं. तर ते म्हणाले, बाई, हीच तर या दुखण्याची खूण! ह्यांनी तेव्हा खाली पाहिलं.

गोळ्या दिल्यात. त्यांनी तोंड कोरडं पडतं. गुण नाही आला तर मानेतल्या काही नसा कापायच्या. तरी पुरतं बरं वाटेल असा भरवसा डॉक्टर देत नाहीत.

मामंजींना नमस्कार. कृपा असावी.
आपली सून,
शुभा

॥ श्री ॥
बोरिवली, १६ मार्च १९५६

चि. सौ. शुभास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं आणि तांदूळ पाखडायचं सूप हातात तसंच राहिलं. मेली माझी जीभ! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुझा हात मीच खाली दाबून धरला. बोट लावलं की सरळ, काढलं की वाकडी, मग नाटक नाही तर काय, असं सगळ्यांना दाखवलं. बायका हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं मी. दुसऱ्या दिवशी तुला भावाकडे धाडलं आणि माझ्या जयवंतला बजावलं, खोड मोडल्याशिवाय आणू नकोस.

चुकले गं. आता घरी ये. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुझी सासू,
रुक्मिणी

॥ श्री ॥
घाटकोपर, २० मार्च १९५६

ती. सौ. सासूबाईंना शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. रडू आलं. पण तुमची माफी बंद पाकिटातून आली, आणि हसणं चौदाजणींसमोर झालं होतं. तुमच्या शेजारच्या वनमालाबाईंनी परवा बाजारात आमच्या वहिनीला गाठून विचारलं, नणंदेचं नाटक संपलं का? लहान तोंडी मोठा घास घेते, पण त्या सगळ्यांना तुमच्याच तोंडून खरं कळू दे. मग मी येईन.

राग नसावा.
शुभा

॥ श्री ॥
बोरिवली, २९ एप्रिल १९५६

चि. सौ. शुभास आशीर्वाद. वि. वि.

परवा चैत्राचं हळदीकुंकू केलं. त्याच चौदाजणींना बोलावलं. डाळ-पन्हं वाटण्याआधी उभी राहिले आणि सांगून टाकलं, माझ्या सुनेचं दुखणं खरं आहे, खोटी मी ठरले.

तर वनमालाबाई डोळे पुसत म्हणाल्या, सासू असावी तर अशी, केवढं हे मोठं मन! बाकीच्यांनी री ओढली. मला दोनदा पन्हं आणून दिलं. तुझी चौकशी एकीनं केली नाही. आणि खोटं कशाला बोलू, घटकाभर ते कौतुक मला गोड लागलं. आता त्याचीच जास्त लाज वाटते.

सगळ्या गेल्यावर तुझी पत्रं काढून वाचली. तेव्हा लक्षात आलं, त्यांना काय नावं ठेवू? लग्नाला दोन वर्षं झाली, मीही कधी विचारलं नाही. माफीच्या पत्रातसुद्धा नाही.

शुभा, फार दुखतं का गं?

तुझी,
रुक्मिणी