देवाची मूठ

चम्फाई,
७ जून २०२०

प्रिय मिंगीस,

प्रभू तुला आणि मुलांना सुखरूप ठेवो. इकडे सगळं ठीक. डुकरीला पिल्लं झाली, बांबूचे कोंबही यंदा भरपूर आलेत. ऐजॉलची टाळेबंदी कधी उठणार म्हणे? फोनवर अर्धं बोलणं वाऱ्यावर जातं, म्हणून भाजीच्या ट्रकबरोबर हे पत्र पाठवतेय.

तुझ्या भाऊजींना जाऊन महिना झाला. मातीला पाचच माणसांना परवानगी होती, हे तुला ठाऊक आहे. नंतरचं मी सांगितलं नव्हतं. एरवी आपल्याकडे मयताच्या घरी सगळी वस्ती जमते, ढोलावर रात्रभर गीतं होतात, चहाचं आधण उतरत नाही, घरच्यांना एकटं म्हणून सोडत नाहीत. मी सवयीने बाकं मांडून ठेवली होती. सकाळी उचलली.

बरं, गंमत ऐक. भात टाकताना चर्चसाठी देवाची मूठ मी अजून रोज बाजूला काढते. गेल्या सोमवारी चर्चच्या बायकांना ते तांदूळ गोळा करायला परवानगी मिळाली. आपण पिशवी फाटकाला अडकवायची, त्यांनी घेऊन जायची, बोलत थांबायचं नाही. बियाकी आली. माझी पिशवी काठोकाठ भरलेली, तरी मी पडवीतून सांगितलं, "अजून निवडायचेत, उद्या ये." दुसऱ्या दिवशी म्हटलं, पिशवी उसवलीय. तिसऱ्या दिवशी तांदळात किडे झाले. देवाच्या तांदळावरून एवढ्या थापा आपल्या घराण्यात कोणी मारल्या नसतील.

बियाकीची जीभ तुला माहीतच आहे. "सियामीताई, एवढ्यात मी पेरून, कापून, सडून आणले असते," म्हणाली. मला हसू आलं. हसता हसता रडूच फुटलं.

"सगळे देऊच नकोस," ती म्हणाली. "रोज एकच मूठ दे. मी रोज येते."

आता ती रोज येते. मूठभर तांदूळ घेते आणि फाटकाबाहेर उभी राहून तोंडावरच्या फडक्यातून एक गीत म्हणते. सूर घसरतोच तिचा. मी पडवीत बसून साथ देते. त्यावर दुपारपर्यंत निभतं.

फोनवर "मी बरी आहे" म्हणते ना, ते खरं नाही, मिंगी. रस्ता उघडला की पहिल्या गाडीने ये. मुलांना आण, तुझ्या गायनमंडळातल्या ज्या येतील त्यांना आण. उशीर झाला तरी चालेल. तुझ्या भाऊजींसाठी उंबऱ्याच्या आत अजून कोणीही गायलेलं नाही.

दार उघडं ठेवून बसलेली,
तुझी ताई
सियामी