सातवी सूचना

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
बुधवार, ९ एप्रिल २०२५

चि. देवदत्त,

आशीर्वाद. मी बरी आहे. तुझा गुडघा पुन्हा धरलाय हे हिमानीच्या फोनवरून कळलं, तुझ्याकडून नाही. इथला बर्फ एकदाचा गेला, मागच्या अंगणात डॅफोडिल वर आलेत आणि पहाटे टेकडीवरून टर्कीचे नर ओरडायला लागलेत. एवढी खुशाली पुरे.

हिमानीने तुमच्या पार्सिपनीच्या मंडळाचा पाडवा अंक पोस्टाने पाठवला. आत चिठ्ठी होती, ‘ताई, देवदत्तचा लेख आलाय, तुम्हाला आवडेल.’ तुझ्या बायकोचा हेतू बिचारीचा चांगला होता. पान एकोणीस. ‘वसंतातली टर्कीची शिकार : नवशिक्यांसाठी दहा सूचना.’ वर तुझा फोटो, शिकारीच्या जॅकेटमध्ये, छाती काढून. तो फोटो मी काढला होता, अकरा मेच्या पहाटे, अर्लच्या गोठ्यासमोर. उजव्या कडेला अर्लचं कोपर आलं होतं. ते तू कापलंस.

लेख मी तीनदा वाचला. पहिल्यांदा विश्वास बसेना. दुसऱ्यांदा अंक टेबलावर आपटला. तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेतली. अठ्ठावीस वर्षं कोंबड्यांच्या रोगांच्या लॅबमध्ये दुसऱ्यांचे रिपोर्ट तपासण्यात गेली, चुकीचं छापलेलं तसंच सोडणं मला जमत नाही.

तू लिहितोस, ‘नराचा आवाज आला की हळूहळू त्या दिशेने सरकत जावे.’ हे तुला कोणी शिकवलं? मी नाही, अर्लने तर नाहीच. कुठल्यातरी व्हिडिओतून उचललं असशील. वसंतात आपण टर्कीकडे जात नाही, टर्कीला आपल्याकडे बोलवतो. पाटीवर पेन्सिल घासून मादीचा आवाज काढायचा आणि बसून राहायचं. आवाजाच्या मागे जाणं आमच्या राज्यात कायद्यानेही चालत नाही, आणि ते का, हे तुला तरी समजवावं लागू नये. तो आवाज टर्कीचा असेल, किंवा तुझ्यासारखाच पाटी मांडीवर घेऊन झाडाखाली बसलेल्या माणसाचा असेल. म्हणून तर खांद्यांपेक्षा रुंद खोडाला पाठ टेकून बसायचं. तू लिहिलंस, ‘पाठीला आराम मिळतो.’ आराम नाही रे, मागून कोणी चुकून बार टाकला तर तो खोडात जावा म्हणून.

काही गोष्टी बरोबर आहेत, आणि त्यांचाही मला राग आला. आदल्या संध्याकाळी नुसतं ऐकायला जावं, पक्षी कुठल्या झाडावर चढतात ते हेरून ठेवावं, हे बरोबर. माद्या घरट्याकडे गेल्या की नर एकटा पडतो, म्हणून नऊला कंटाळून उठू नये, हेही बरोबर. ‘बडबड्या मादीकडे नर ढुंकून बघत नाही, तेव्हा कॉल कमी करावा’ हे तर अर्लचं वाक्य, त्याच्या त्या मिश्कील तोंडाने म्हटलेलं. तू ते तुझ्या नावावर छापलंस. अख्ख्या लेखात अर्लचं नाव नाही.

तुझे वाचक अर्लला ओळखत नाहीत, म्हणून तुझ्या वतीने मीच इथे लिहिते, कदाचित हे पत्र तू कोणाला दाखवशील. माझ्या घरापलीकडे ज्याचं शेत संपतं तो अर्ल. चौऱ्याहत्तर वर्षांचा, पूर्वी दुधाचा धंदा करायचा. युनिव्हर्सिटीची माणसं हिवाळ्यात त्याच्या शेतात जाळी टाकून रानटर्की धरायची, आणि त्यांचं रक्त घ्यायला मी जायची. तिसऱ्या वर्षी तो म्हणाला, “तू यांना इतकं सुयांनी टोचतेस, एकदा यांच्याशी बोलून तरी बघ.” त्याने मला पाटीचा कॉल शिकवला. या देशात चौतीस वर्षं राहिले, पण इथल्या मातीची ओळख कोणी करून दिली असेल तर त्या माणसाने.

आता तुझी तिसरी सूचना, कपड्यांची. ‘नखशिखांत रानाच्या रंगाचे कपडे घालावेत.’ बस्स? लाल, पांढरं आणि निळं अंगावर चुकूनही नको, हे कुठे गेलं? वसंतात नराचं डोकं याच तीन रंगांचं होतं. लाल मोजा नको, गळ्यातून डोकावणारा पांढरा बनियन नको, खिशात रंगीत रुमाल नको. आणि चालताना नारिंगी टोपी हवी, लांबून माणूस म्हणून ओळखू यावा म्हणून. नारिंगी टोपीबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस.

तुझी टोपी तू पार्सिपनीला जेवणाच्या टेबलावर विसरून आलास. अर्लने स्वतःची काढून तुझ्या डोक्यावर ठेवली. तू ‘नको, नको’ म्हणालास, हे खरं. तो म्हणाला, “ही टेकडी माझी आहे. मला इथे कोण ओळखणार नाही?” मीही काही बोलले नाही. नवशिक्या शिकाऱ्यांच्या सुरक्षिततेच्या वर्गात मी लोकांना टोपीशिवाय पार्किंगमधून हलू देत नाही. आणि तिथे गप्प बसले.

मग जे झालं ते मी लिहिणार नव्हते. पण तू दहा सूचना छापल्यास आणि ते छापलं नाहीस, तेव्हा कुठेतरी ते कागदावर यायलाच हवं.

आपण दोघं दक्षिणेकडच्या मोठ्या ओकखाली बसलो. अर्ल उतारापलीकडे. उजाडताना नर तीनदा ओरडला, खाली उतरला आणि माद्यांमागून निघून गेला. नऊला तुझा पाय बधिर झाला, तू उठू या म्हणालास, मी थांब म्हणाले. साडेनऊच्या सुमारास लॉरेलच्या झुडपांमागे पाचोळा वाजला. टर्कीचं चालणं आणि माणसाचं चालणं सारखंच वाजतं, हेही तुझ्या लेखात नाही. मग पानांच्या फटीत लाल दिसलं, त्याला लागून पांढरं. तू बार टाकलास. पस्तीस पावलं होती. आणि अर्ल ओरडला.

तो आपल्यालाच शोधत येत होता, पुढच्या उतारावर दोन नर दिसले ते सांगायला. मे महिन्यात त्याचं नाक वाहतं. नाकाला रुमाल लावलेला होता, लाल-पांढऱ्या चौकडीचा.

तू त्याच्यापर्यंत माझ्या आधी पोचलास. शर्ट काढून त्याच्या डोळ्यावर धरलास, हेलिकॉप्टर येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवरून हलू दिलं नाहीस. ते मी विसरलेले नाही. पण डावा डोळा गेला. गालात अजून दोन छर्रे आहेत, डॉक्टर म्हणतात राहू द्या. अर्ल डावखुरा. नेम त्या डोळ्याने धरायचा. या वसंतात तो खुर्ची टाकून ओसरीत बसतो आणि टेकडीवरचे नर ऐकतो.

तुझं लायसन्स गेलं, कोर्टात उभं राहावं लागलं. त्यानंतर तू इकडे फिरकला नाहीस. फोन केला नाहीस. माझे दोन फोन घेतले नाहीस. अकरा महिने मला वाटायचं, त्याला लाज वाटत असेल. मग पान एकोणीसवर तू छाती काढून उभा.

आता सातवी सूचना. तिच्यापाशी पेन्सिल थांबली होती.

‘आपल्यासोबत अनुभवी माणूस असेल तर त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवावा. तो सांगेल तेव्हाच बार टाकावा.’

हे वाक्य तू कोणासाठी लिहिलंस, देवदत्त? मला टोचायला लिहिलंस की अजूनही मला सांभाळून घेतो आहेस हे कळवायला? की काही मनात न आणता लिहून गेलास? यातलं काहीही खरं असलं तरी मला संतापच येतो.

कारण तू आपणहून बार टाकला नव्हतास. मी सांगितलं होतं. तू माझ्याकडे वळून बघितलंस, भुवया उंचावून विचारलंस, आणि मी म्हणाले, “तोच आहे. मार.” मला लाल दिसलं होतं, पांढरं दिसलं होतं. छातीवरची दाढी, तो लोंबता केसांचा झुबका, दिसली नव्हती. अंग दिसलं नव्हतं. वसंतात फक्त दाढीवाला पक्षी मारायचा, आणि दाढी दिसल्याशिवाय बोट ट्रिगरवर न्यायचं नाही, हे मी दर मार्चला चाळीस लोकांपुढे उभी राहून शिकवते. पण तू न्यू जर्सीहून इतक्या लांब आला होतास, आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडून काही शिकायला आला होतास, आणि मला तुला रिकाम्या हाताने पाठवायचं नव्हतं. मला नर हवा होता, म्हणून मला नर दिसला.

शिकार खात्याच्या वॉर्डनने आपल्याला वेगवेगळं विचारलं. तू म्हणालास, “मला वाटलं पक्षी आहे. मला कोणी काही सांगितलं नाही.” आणि मी म्हणाले, “मी खाली पाटीकडे बघत होते.”

आपण ठरवलं नव्हतं. तू माझ्या वर्गाचा, माझ्या नावाचा विचार केलास आणि सगळं अंगावर घेतलंस. मी ते घेऊ दिलं. तुला कोणी अधिकार दिला होता, ताईला हे झेपणार नाही असं ठरवायचा? तुला विचारते आहे खरी, पण तोंड उघडायला मलाही कोणी अडवलं नव्हतं.

गेल्या महिन्यात वर्गात एका बाईने विचारलं, “तुमच्या डोळ्यांदेखत कधी अपघात झालाय का?” मी नाही म्हणाले. चाळीस लोकांसमोर, खडू हातात धरून.

रविवारी अर्लकडे गेले. तो गोठ्यात फळी ठोकत होता, खिळ्याशेजारी दोनदा हातोडी पडलेली दिसत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. त्याने हातातली हातोडी खाली ठेवली.

“मला माहीत आहे,” तो म्हणाला. “वारा नव्हता त्या दिवशी. तुमच्या भाषेतलं काहीतरी ऐकू आलं, बाईच्या आवाजात. मग बार झाला.”

“मग वॉर्डनला सांगितलं का नाहीस?”

“तू सांगशील म्हणून थांबलो. वाटलं, आठवड्यात येईल. मग वाटलं, मक्याची कापणी होईपर्यंत येईल.” तो त्या एका डोळ्याने माझ्याकडे बघत होता. “दर गुरुवारी तू खिचडी घेऊन यायचीस. मी दार उघडायचो आणि म्हणायचो, आज.”

मी रडायला लागले. त्याने काही मला जवळ घेतलं नाही.

“आज घरी जा, शरयू,” तो म्हणाला. “आणि गुरुवारची खिचडीही नको. नको म्हणजे आता काही दिवस नको. किती दिवस ते मला माहीत नाही.”

मी घरी आले. सोमवारी वर्गाचा राजीनामा दिला आणि वॉर्डनला फोन केला. येत्या मंगळवारी दहा वाजता त्याच्या ऑफिसात मी जबाब देणार आहे. माझं काय होईल ते होवो. तुझ्यावरचं थोडं कमी होईल का, विचारीन, पण आशा ठेवू नकोस. बार तूच टाकला होतास, ते पुसता येणार नाही.

तू येऊ नकोस. मला आता कोणी पाठीशी घालायला नको. वॉर्डनचा फोन आला तर जसं घडलं तसं सांग. ‘ताईचं मला ऐकू आलं नाही’ असलं काही सुचलं तर गिळून टाक.

आणि पुढच्या अंकात दुरुस्ती छापा, तुझ्या आणि माझ्या दोघांच्या नावाने. मजकूर हा : ‘सातवी सूचना चुकीची आहे. सोबतच्या माणसाने काहीही सांगितलं, ती आपली सख्खी बहीण असली, तरी पक्ष्याचं डोकं, अंग आणि छातीवरची दाढी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बार टाकू नये. आम्ही टाकला आणि एका माणसाचा डोळा गेला. त्याचं नाव अर्ल.’ संपादक नाही म्हणाले तर मला कळव, मी त्यांच्याशी बोलीन.

हिमानीला हे पत्र तूच वाचून दाखव. तिला अजून वाटतं की तू एकट्याने चूक केलीस, आणि अकरा महिने ती तुझ्याशेजारी तसं समजून राहते आहे. तेवढं तरी तिच्यावरून उतरव.

तुझ्या गप्प बसण्यावर अकरा महिने मान वर करून फिरलेली,

शरयूताई