डीएपीची पारख

ता. ६

ती. दादास,
सा. न. वि. वि. वहिनींचा गुडघा कसा आहे? नातीचा कान दुखायचा थांबला का? आणि तुझं ते तापाचं दुखणं पुरतं गेलं ना, की वहिनींशी भांडून गार पाण्याची आंघोळ चालूच आहे?

इकडे मन थाऱ्यावर नाही. मका महिन्याचा झाला तरी वीतभरच, पानं जांभळी पडलीत. डीएपी पेरूनही असं कसं? शेजारचे म्हणाले, खतच खोटं असेल. मी उसळून म्हटलं, ही पोती माझ्या दादाने स्वतः पारखलीत. झालं! खत खरं ठरल्यावर चोर शोधणं आलं. यांनी पेरणीवाल्या काकांवर आळ घेतला, की अर्धं खत परस्पर विकलं. सतरा वर्षं आपलं शेत पेरणारा माणूस. पेरणीची पाभर खांद्यावर घेऊन निघून गेले. आता त्यांना कोणी कामाला बोलवत नाही. खरं काय ते तूच सांग.

माया आहे ती आटू देऊ नकोस.
तुझी धाकटी

ता. ११

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. गुडघा कुरकुरतो, नात बरी आहे, वहिनी तुझी बाजू घेऊन मला बोलते. माझंच तेवढं बरं नाही, ते आज सांगतो.

खताच्या गोदामात तीस वर्षं मी एकच विद्या शिकलो. तळहातावर दाणे घ्यायचे, ओला चुना लावून चोळायचे आणि हुंगायचं. खरं डीएपी असेल तर असा भपका उठतो की डोळ्यांत पाणी यावं. त्या तापानंतर मला वासच येईनासा झाला. कोणाला बोललो नाही. असल्या म्हाताऱ्याला गोदामात ठेवतं कोण? सवयीने चोळत राहिलो, सवयीने मान डोलावत राहिलो. तुमची पोती त्यातलीच.

तुझं पत्र वाचलं आणि तुमच्या पोत्यांतला जपून ठेवलेला नमुना तापल्या तव्यावर टाकला. खरे दाणे फुगतात. हे खड्यांसारखे पडून राहिले. तसाच उठून साहेबांना सांगून आलो. उरलेली पोती अडवलीत, पारखीचं काम मी सोडलं.

काकांनी काही चोरलं नाही, धाकटे. खोटी मान मी डोलावली. हे पत्र दाजींना एकट्यात दाखवून मिटवू नकोस. गावातल्या दुकानासमोर माणसं जमतात तेव्हा, काकांना मानाने बोलावून, मोठ्याने वाच. माझी लाज राखायला एक ओळही गाळलीस तर माझी शपथ आहे.

हे वाचूनही माया उरली तर राहू दे. पण उत्तर लवकर पाठव, आणि काका काय म्हणाले ते, गोड नसलं तरी, जसंच्या तसं लिही.

तुझा दादा