मेणातलं बेट

सोमवार, ४ मार्च
नवी नोकरी, नवी प्रयोगशाळा, खिडकीशी माझं स्वतःचं टेबल. स्वारी एकदम खूश! गर्भाशयाच्या मुखाचे तुकडे इथे मेणाच्या वड्यांत जपून ठेवतात. त्यांत कॅन्सर घडवणारा एचपीव्ही हा विषाणू आहे का, ते दोन पद्धतींनी तपासायचं आणि कोणती खरी ठरते ते पाहायचं. पहिलीत वडीचा पातळ काप विरघळवून विषाणूचा डीएनए शोधतात. ती नुसतं आहे किंवा नाही सांगते. दुसरीत काप काचेवर रंगवतात. विषाणू असेल तिथेच निळे ठिपके उठतात. आमच्या मॅडम म्हणतात, पहिली चहाडखोर, दुसरी साक्षीदार. मॅडम गोड आहेत, इथला चहा मात्र पाणचट.

गुरुवार, ७ मार्च
ताईची वडी आली. तपासून घे म्हणून मीच तिच्या मागे लागले होते. हौसेनं स्वतः कापली. त्याआधी तुलनेसाठी एक जुनी वडी कापली होती, विषाणूनं ठासून भरलेली. ती जिची, ती बाई जाऊन कित्येक वर्षं झाली. मधे पातं बदलायचं राहिलं. पहिली पद्धत ताईला म्हणते, आहे. लगेच दुसरा काप रंगवायला ठेवला.

शुक्रवार
रंगवलेला काप पाहिला आणि हुश्श केलं. ताईचा तुकडा स्वच्छ! बाजूच्या रिकाम्या मेणात मात्र चिमूटभर निळ्या पेशींचं बेट. पात्याला चिकटून आलेली ती जुनी बाई. मॅडम हसल्या. असे पाहुणे एका कापापुरतेच येतात, म्हणाल्या. नवं पातं घे आणि पुन्हा काप.

सोमवार
नवं पातं. खोलवरचा काप. बेट आहेच, आणि ताईच्या तुकड्याकडे सरकलंय. मॅडम म्हणतात, डोळे दमलेत तुझे.

मंगळवार
आणखी एक काप. आणखी जवळ. वाढलंयही. मेणात काही वाढत नसतं! ताईचा फोन आला होता. ओटीपोटाशी कुणी टेकून बसल्यासारखं वाटतंय म्हणे. हसून वेळ मारून नेली, मग एकटीच रडले.

बुधवार
आता एकही काप नाही. वडी कपाटात, किल्ली माझ्याकडे —

गुरुवार
मॅडमनी दुसऱ्या किल्लीनं काढली. दोन्ही पद्धती जुळल्याशिवाय अहवाल देता येत नाही म्हणाल्या. मी पाया पडले. एकच काप, म्हणाल्या —
जुळल्या. मेण रिकामं. ताईचा तुकडा सगळा निळा —

दुपारी
ताईचा फोन. ओटीपोटाशी आता कुणी टेकत नाही म्हणे. आवाज तिचाच, पण मला पोरी म्हणाली. नाव विचारलं माझं. मेणात फार गारठा होता गं, म्हणते, किती वर्षं — इथे कसं उबदार —
मी ओरडले, माझी ताई कुठंय? म्हणाली, माझी वडी रिकामी झाली ना, तिच्यात बघ.
जुनी वडी काढली. हातात आहे. कोमट लागतेय. आतून काहीतरी —