येवल्याच्या वहीतली ओळ

सोम., १८ जाने. ९९
आजपासून इंग्रजी बोलण्याचा क्लास. रविवार कारंज्याला, चपलांच्या दुकानावर, सायं. ६ ते ७. बाकांवर सगळी कॉलेजची पोरं आणि मध्ये मी, शेंडी टोपीत कोंबून. सर माझ्याहून वीस वर्षांनी लहान, मला 'काका' म्हणतात. रामकुंडावर गुरुजी, इथे काका. चालायचंच. चुलतभाऊ बंडू चार वाक्यं इंग्रजीत फेकतो आणि परदेशातले यजमान, पिढ्यांची नावं आमच्या वंशावळीच्या वहीत असली तरी, त्याच्या मागे जातात. किती दिवस बघत बसायचं? सौ.ला हसू आवरेना. चहा देताना म्हणाली, आता थँक्यू म्हणा.

शुक्र., २९ जाने.
धडा ७, वाढदिवस. धडा ८, पाहुण्याला चहा. आंघोळ करतानाही घोकतो. एखाद्या दिवशी संकल्पात 'हाऊ डू यू डू' येईल. सरांना विचारलं, कोणी गेलं असेल तर काय म्हणायचं? ते पुढच्या कोर्सला आहे म्हणाले. आणि माझ्याकडे तर वाढदिवसाचं कोणी येत नाही.
सरांचा नियम: कळलं नाही तरी अडखळायचं नाही. हसून 'येस, ऑफ कोर्स, डोन्ट वरी' म्हणायचं, नाहीतर आत्मविश्वास जातो. पटलं.

बुध., ३ फेब्रु.
लिहायला हात वळत नाही.
सकाळी एक मुलगी आली, लंडनकडची, बावीस-तेवीसची, आईच्या अस्थी घेऊन. बरोबर घरचं कोणी नाही, फक्त मुंबईचा टॅक्सीवाला. आजोबा येवल्याचे, येवल्याची वही आमच्या घरात, म्हणजे आमचेच यजमान. बंडू पुढे होत होता, मी त्याला हातानेच थांबवलं. तेवढीच फुशारकी. पायरीवर बसल्यावर ती बरंच काही बोलली. दोनदा, सावकाश. मला ओ का ठो कळलं नाही. मी म्हणालो, येस, ऑफ कोर्स. डोन्ट वरी. तिचा चेहरा असा निवळला की वाटलं, जमलं आपल्याला.
विधी केला. कलश तिच्या हातात, खालून माझा हात. शेवटी नेहमीसारखा पूर्ण उपडा केला. तिने मध्येच हात आडवा घातला. पुष्कळ जण घालतात, त्या क्षणी सोडवत नाही. मी तो हात बाजूला केला. ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि ओंजळीने पाणी उपसायला लागली.
टॅक्सीवाल्याने सांगितलं, "गुरुजी, थोड्या अस्थी बाजूला ठेवा म्हणत होती ती. भाऊ अमेरिकेहून रविवारी पोचतोय, त्याच्या हातून सोडायच्या होत्या. तुम्ही हो म्हणालात ना."
म्हणालो खरा.

गुरु., ४ फेब्रु.
जेवण गेलं नाही. पहाटेच जाऊन कुंडात बघून आलो. काय दिसणार? इथल्या पाण्यात अस्थी विरघळतात, हे आम्हीच अभिमानाने सांगत आलो.
बंडूचं म्हणणं, एवढं काय त्यात, भाऊ आला की सांग, अस्थी मागे ठेवायच्या नसतात, शास्त्र आहे. कोण तपासायला येतंय? हे घरी सांगितलं तर सौ. ताटावरून उठली. "शास्त्राला मध्ये आणू नका. अर्ध्या इथे, अर्ध्या प्रयागला, असं तुम्हीच कितीजणांना करून दिलंय." खरं आहे. गेल्याच महिन्यात दिलं.

शुक्र., ५ फेब्रु.
सरांकडून वाक्य करून घेतलं. एका ओळखीच्याला हवंय म्हणालो. आय डिड नॉट अंडरस्टँड. बट आय सेड येस. सर म्हणाले, काका, असं सरळ कोणी सांगतं का, 'थोडा गोंधळ झाला' म्हणायचं. त्याचंही इंग्रजी दिलं. मी पहिलंच लिहून घेतलं. घरी येईपर्यंत तेच म्हणत होतो. लाज वाटते, पण पाठ झालं.

रवि., ७ फेब्रु.
आला. बहीण बरोबर, टॅक्सीवाला तोच. उंच, बूट हातात, मोजे तसेच पायात आणि ओले झालेले. कुठे, एवढंच विचारलं. मी पाणी दाखवलं. पायरीच्या कडेपर्यंत गेला, मग माझ्याकडे वळला. वाक्य ओठांवर होतं. पण शेजारी बंडू उभा, मागे आणखी चार गुरुजी. मी टॅक्सीवाल्याला मराठीत म्हणालो, "यांना सांग, अस्थी मागे ठेवता येत नाहीत. शास्त्र आहे." त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं. भाऊ वाकला, माझ्या पायांना हात लावला.
बहिणीने मला विचारलं, इज इट ट्रू? हे लख्ख कळलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणाचं इंग्रजी पुरतं कळलं. मी मान हलवली. हो म्हणून.
नंतर वहीत दोघांनी आईचं आणि आपापलं नाव लिहिलं, आजोबांच्या मोडक्या सहीखाली. मराठी लिहिता येत नाही, म्हणून इंग्रजीत. भावाने नाव, गाव, तारीख. बहिणीने आपल्या नावाखाली आणखी एक ओळ लिहिली, वही मिटली आणि माझ्या हातात दिली.

मंगळ., ९ फेब्रु.
ते काल गेले. सौ. विचारते, सांगितलंत का त्याला? मी काहीतरी काम काढून उठतो.
तिच्या ओळीतले दोन शब्द लागतात. मदर आणि प्रीस्ट. बाकीचे नाही. अक्षरन् अक्षर कागदावर उतरवून घेतलं आहे. सरांना दाखवावं तर सरांना सगळं कळणार. बंडूला दाखवणं तर शक्यच नाही. दुपारी पान फाडावंसं वाटलं, अगदी कोपरा धरेपर्यंत. आमच्या घरात वहीचं पान कोणी फाडलेलं नाही. नाही फाडलं.
उद्या त्यांची मुलं येतील, आजीचं नाव बघायला. वही काढून ते पान उघडून द्यायचं काम माझं, नाहीतर माझ्या मुलाचं. त्यांना वाचता येईल.
पावणेसहा. सौ. म्हणते, क्लासला जायचं नाही का? कागद खिशात आहे.